न दिसणारा रंग

सोनवळ नावाच्या एका राज्यात एका रंगाऱ्याची मुलगी राहायची. तिचे नाव मंजुळा. मनाच्या दुखण्यांवरचे उपचार शिकायला ती समुद्रापलीकडे गेली आणि बऱ्याच वर्षांनी मनोवैद्य होऊन परतली. आपल्या राज्याचा तुरुंग सुधारायचा, हे तिने परतीच्या गलबतावरच ठरवून टाकले होते. राजाने तिला तुरुंगाची वैद्य नेमले, तेव्हा तिला आभाळ ठेंगणे झाले.

तिला वाटले होते, तुरुंगात काळोख असेल. साखळदंड खणखणत असतील, कैदी भिंतींवर डोकी आपटत असतील आणि मिशाळ पहारेकरी खदाखदा हसत असतील. पाहते तो काय, अंगणात भोपळ्याचे वेल पसरलेले. कैदी उन्हात बसून सतरंज्या विणत होते. एकजण चक्क गुणगुणत होता. तिने एकेकाला विचारले, "झोप लागते का?" बहुतेकांना लागत होती.

झोप लागत नव्हती ती पहारेकऱ्यांना.

हे तिच्या एकाही पुस्तकात लिहिलेले नव्हते. पहारेकरी तर संध्याकाळी सुटून आपापल्या घरी जात. घरचे खात, घरच्या अंथरुणावर निजत. मग झोप कैद्यांना लागावी आणि त्यांना लागू नये, हे कसे? हा प्रश्न तिच्या डोक्यात भुंग्यासारखा फिरत होता. तोच राजाचे बोलावणे आले.

झाले होते असे. सुभानजी नाईक हा तुरुंगाचा मुख्य. केस पांढरे होईपर्यंत त्याने तुरुंग सांभाळला, पण कधी कोणावर हात उगारला नव्हता. आदल्या संध्याकाळी कैद्यांची मोजणी सुरू होती. एक माणूस कमी भरला. सुभानजीने पुन्हा मोजले. पुन्हा एक कमी. लिंबाजी नावाचा म्हातारा कैदी खाली पडलेला भोपळा सावरायला वेलाआड वाकला होता, तो दिसलाच नव्हता. तो दिसला आणि सुभानजीने हातातला सोटा हाणला. लिंबाजीचा हात मोडला.

राजा म्हणाला, "वैद्यबाई, मला एकच सांगा. हा माणूस वाईट आहे की वेडा? वाईट असेल, तर त्याच्याच तुरुंगात त्याला डांबतो. वेडा असेल, तर वेड्यांच्या कोठीत पाठवतो. उद्या सकाळी दरबारात उत्तर द्या."

"देते, महाराज," मंजुळा म्हणाली. असे प्रश्न सोडवायलाच तर ती शिकली होती.

ती आधी लिंबाजीकडे गेली. त्याचा हात बांबूच्या कामट्यांत बांधलेला होता.

"नाईक कसे आहेत हो, काका?"

"वाईट नाहीत," लिंबाजी म्हणाला. "सोटा हाणला आणि मग माझ्यापाशीच बसून रडले. पण बाई, ते रडले म्हणून माझा हात काही जुळला नाही. त्याचं काय करणार, तेही राजाला विचारा."

मग ती सुभानजीकडे गेली. त्याला पहाऱ्याच्या खोलीत बसवून ठेवले होते आणि किल्ल्यांचा जुडगा काढून घेतला होता. बोलताना त्याचा हात सारखा रिकाम्या कमरेकडे जात होता.

"मी मारलं," तो म्हणाला. "का मारलं ते मलाच कळत नाही. मला फक्त एक माणूस कमी दिसत होता."

"घरी कसं काय?"

"घरी अगदी ठीक. कोणी बाहेर जात नाही."

मंजुळाने मान वर केली. घर ठीक असल्याची अशी खूण तिने कधी ऐकली नव्हती. ती तडक त्याच्या घरी निघाली.

सुभानजीची बायको सगुणा दोन मुलांना घेऊन उंबऱ्यातच बसली होती. दार सताड उघडे होते.

"या," ती म्हणाली. "काल यांच्या किल्ल्या काढून घेतल्या, तेव्हा शिपायाने येऊन आमचं कुलूप उघडलं. रोज बाहेरून लावून जायचे ना. आता दार उघडं आहे, तर कुठे जायचं तेच सुचत नाहीये."

"पहिल्यापासून असे होते का नाईक?"

"छे हो! लग्न झालं तेव्हा पाखरांचे आवाज काढून दाखवायचे. मला हसवून हसवून रडवायचे." सगुणाने मुलांकडे पाहिले. "आता ही पोरं जेवायला बसतात ती आपणहून ओळीत. आधी मोजणी, मग भाकरी. मागे माझा भाऊ आला होता. यांनी मोजलं तर एक जास्त! त्याला ताटावरून उठवलं आणि विचारलं, 'कुठल्या कोठीतला रे तू?' तो म्हणाला, 'दाजी, मी तुमचा मेहुणा!' तो हसला. मी हसले. हे हसले नाहीत."

मंजुळा तिथून कोतवालाकडे गेली. दौलतराव कोतवाल म्हणजे राज्यातले चोर पकडणारा माणूस, शिवाय सुभानजीचा जुना मित्र. तो जेवायला बसला होता. बायको वाढत होती, मुलगा मान खाली घालून जेवत होता.

"सुभान बिघडलाय खरा," दौलतराव म्हणाला. "घरी मोजणी घेतो म्हणे! तुरुंगाचं तुरुंगात ठेवावं माणसाने. माझं बघा, कामावर कोतवाल, घरी साधा संसारी माणूस." त्याने भातावर हात ठेवला आणि तो थांबला. "हे दही कुठलं? सकाळी तर घरात नव्हतं."

"शेजारून आणलं," बायको म्हणाली.

"कधी? कोणासमोर?"

"म्हशीसमोर. बोलावू साक्षीला?"

मंजुळाला हसू आवरेना. पण मुलगा हसला नाही. त्याने ताटावरून नजर उचललीच नाही. तो जन्मल्यापासून संशयितच होता.

आता मंजुळाला गंमत वाटू लागली. तुरुंगाचा नाईक घरच्यांना कोंडतो. कोतवाल घरच्यांची झडती घेतो. दोघेही कामावर भले आणि घरी मात्र कामावरच. या दुखण्याला कोणते नाव द्यावे, याचा विचार करत ती घराची चढण चढली. तिन्हीसांज होत आली होती. आई ओट्यावर तांब्या घासत होती.

"दमलीस का गं?" आईने विचारले.

मंजुळा तिच्या हातांकडे बघत उभी राहिली. "आई, हाच तांब्या तू सकाळीही घासत होतीस. ही मनाची बेचैनी असते. कधीपासून होतंय असं?"

"त्याला चिंच लावली तेव्हापासून," आई म्हणाली.

"टाळू नकोस गं. बाबाही हल्ली कमी बोलतात. मनात दाबून ठेवल्याचं ते लक्षण असतं."

आईने तांब्या खाली ठेवला. "मंजुळे, तू आल्यापासून मला अमुक झालंय, बाबांना तमुक झालंय, शेजारच्या कुसुमला आणखी काही झालंय. इतक्या वर्षांनी पोरगी घरी येणार म्हणून मी दिवस मोजत होते. रोज येते ती वैद्यच. माझी पोरगी कधी यायची आहे?"

मंजुळाच्या तोंडात आलेले वाक्य होते, 'आई, तुला राग आलाय, हे लक्षण...' ते तिने गिळले.

आई तांब्या घेऊन आत गेली. तेवढ्यात बाबा आले. ते दिवसभर निळीच्या हौदात कापड बुडवत असत. दोन्ही हात कोपरापर्यंत निळे होते. ते उंबऱ्याबाहेरच थांबले. कोपऱ्यातल्या घंगाळात रिठ्याचे पाणी होते. नारळाच्या शेंडीने ते हात घासू लागले. तळवे, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा. लहानपणापासून मंजुळाने हे रोज पाहिले होते, पण नीट निरखले आजच.

"बाबा, एवढं का घासता? थोडा रंग राहिला तर काय बिघडेल?"

"माझं काय बिघडणार? भाकरी निळी होते. तुझ्या आईचा पदर निळा होतो." बाबा हसले. "तू रांगत होतीस, तेव्हा एकदा तुला घाईघाईत तसंच उचललं. गालावर माझी पाची बोटं उमटली. कितीतरी दिवस गेली नाहीत. आईने मला घरात घेतलं नव्हतं."

"घेतलं नव्हतंच!" आई आतून म्हणाली.

मंजुळाचा हात आपल्या गालाकडे गेला. मग तिने दोन्ही तळवे समोर धरून पाहिले. ते स्वच्छ होते. सुभानजीचे हातही असेच स्वच्छ असत, आणि दौलतरावाचेही. किल्लीचा रंग हाताला लागत नाही. संशयाचा लागत नाही. दुसऱ्याची दुखणी दिवसभर ऐकली, तरी नखात काही अडकलेले दिसत नाही. म्हणून तिघेही उंबऱ्यावर थांबत नव्हते. तसेच आत जात होते आणि घरातल्या माणसांच्या गालांवर बोटे उमटवत होते.

पहारेकऱ्यांना झोप का लागत नाही, तेही तिला कळले. ते घरी जातच नव्हते.

उत्तर सापडले, पण हे दरबारात सांगायचे तर स्वतःचेही सांगावे लागणार. आजारी वैद्य कोणत्या राजाला हवा असतो? इतकी वर्षे जे शिकली, ज्या कामासाठी परत आली, ते एका वाक्यात हातचे जाईल. उलट 'वेडा' एवढा एकच शब्द उच्चारला, तर राजा खूश, दरबार खूश आणि तिच्या विद्येची वाहवा. फक्त सुभानजी वेड्यांच्या कोठीत जाईल. आणि त्याच्या जागी उद्या दुसरा कोणी नाईक येईल, स्वच्छ हातांचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दरबार भरला. एका बाजूला सुभानजी मान खाली घालून उभा होता. दुसऱ्या बाजूला हात बांधलेला लिंबाजी होता.

"बोला, वैद्यबाई," राजा म्हणाला. "वाईट की वेडा?"

"दोन्ही नाही, महाराज. तो रोज हात न धुता घरी गेलेला माणूस आहे."

दरबारात खसखस पिकली. मंजुळाने रंगाऱ्याच्या उंबऱ्याची गोष्ट सांगितली. कुलपाची सांगितली, मोजणीची सांगितली. मग ती म्हणाली, "पण लिंबाजीकाकांचा हात मोडला आहे, ते विसरून चालणार नाही. नाइकांनी त्यांची माफी मागावी. हात बरा होईपर्यंत काकांच्या वाट्याची सतरंजी नाइकांनी विणावी. तोवर किल्ल्या दुसऱ्याकडे राहू द्या. आणि तुरुंगाच्या दारात एक ओटा बांधा. शेजारी पाण्याचा रांजण ठेवा. पहारेकरी असो की शिपाई, घरी जाण्याआधी त्याने तिथे बसावं, हात धुवावेत आणि दिवसभरात मनाला जे चिकटलं, ते सोबत्याला सांगावं. मगच घरची वाट धरावी."

"वा!" दौलतराव कोतवाल ओरडला. "म्हणजे माझ्या गड्यांनी ओट्यावर बसून गाऱ्हाणी गायची? आम्हाला काय धाड भरली आहे? सांगा तर खरं, त्या ओट्यावर पहिलं बसणार कोण?"

कोणी पुढे आले नाही. सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"मी," मंजुळा म्हणाली.

राजाने भुवया उंचावल्या. "तुम्ही? तुम्हाला काय चिकटलं आहे?"

"दिवसभर मी दुखणी शोधते, महाराज. घरी गेल्यावरही शोधतच राहते. काल मी माझ्या आईला रोगी करून टाकलं. ती तांब्या घासत होती, बस्स."

"म्हणजे वैद्यच आजारी! मग तुम्हाला या पदावर ठेवायचं तरी कशाला?"

मंजुळा मागे सरली नाही. "ते आपण ठरवावं. पद राहिलं तरी आणि गेलं तरी, आज संध्याकाळी मी त्या ओट्यावर बसणार आहे."

तेव्हा सुभानजी नाइकाने पहिल्यांदाच मान वर केली. तो लिंबाजीपाशी गेला, त्याच्या पायांवर वाकला आणि मग मंजुळाकडे वळून हळूच म्हणाला,

"वैद्यबाई, त्या ओट्यावर एकालाच जागा आहे की दोघांना?"

राजाने नकळत आपले हात उलटेसुलटे करून पाहिले. ते अगदी स्वच्छ होते. राज्य चालवण्याचा रंगही हाताला दिसत नव्हता.

"ओटा लांबलचक बांधा," तो कारभाऱ्याला म्हणाला. "आणि रांजण मोठा आणा. वैद्यबाई कुठेही जाणार नाहीत."

तात्पर्य: ज्या कामाचा डाग हाताला दिसत नाही, त्याचा ठसा घरच्या माणसांवर उमटतो. म्हणून दुसऱ्यांना सांभाळणाऱ्याने रोज आपले मन कोणापाशी तरी धुऊन मगच उंबरा ओलांडावा. आणि इतरांनी ते करावे असे वाटत असेल, तर आधी स्वतः बसावे.