पहिल्या घोटातली दोस्ती

देवळालीचे निवृत्त ब्रिगेडियर सुर्वे सिंगल माल्ट व्हिस्कीचे मोठे जाणकार होते आणि स्वभावाने तितकेच कडक. घरी आलेल्या पाहुण्याच्या हाती ग्लास देऊन ते चव ओळखायला लावत, आणि उत्तर चुकलं की सगळ्यांदेखत त्याची हजेरी घेत. हळूहळू लोक त्यांच्याकडे फिरकेनासे झाले. मुलगा समरसुद्धा त्यांच्यापुढे बेतानेच बोलायचा. पण त्याला ऋजुताशी लग्न करायचं होतं आणि त्यासाठी बाबांचा होकार हवा होता.

भेटायला येताना ऋजुताने एक स्कॉच आणली. ब्रिगेडियरांनी ग्लास हुंगला, एक घोट जिभेवर घोळवला आणि निकाल दिला, "मध आहे, नाशपाती आहे, थोडा व्हॅनिला. पण धूर नाही की धार नाही. पहिल्याच घोटात दोस्ती करणारी व्हिस्की! मुली, माझ्यासारख्या माणसासाठी इतकी सोपी बाटली का निवडलीस?"

समरने डोळेच मिटून घेतले.

ऋजुता शांतपणे म्हणाली, "काका, तुमच्याबद्दल समरकडून बरंच ऐकलं होतं. म्हटलं, तुम्ही आणि बाटली, दोघांपैकी एकाशी तरी पहिल्याच भेटीत दोस्ती व्हायला हवी."

मग ब्रिगेडियर इतक्या मोठ्याने हसले की त्यांना ठसका लागला. ऋजुताने लगबगीने पाणी पुढे केलं.

पाणी पिऊन त्यांनी डोळे पुसले आणि स्वतःच्या हाताने तिच्यासाठी ग्लास भरला.

"हे घे," ते म्हणाले, "आणि काका काय म्हणतेस? बाबा म्हण."