दाईचा चेहरा

एका गावात एक नियम होता. जी नटी रंगमंचावर प्रेक्षकांकडे पाठ फिरवील, तिचं नाव बक्षिसासाठी जायचं नाही. हा नियम कशासाठी, असं कुणी विचारायचं नाही, हाही नियमच होता.

त्या गावच्या जत्रेत दरवर्षी नाटकं होत. नाटकं संपली की परीक्षक देवळाच्या ओसरीवर बसत आणि बक्षिसासाठी कुणाची नावं तालुक्याला पाठवायची ते ठरवत. सगळ्यांचा होकार लागे. एकाने जरी नकार दिला तरी त्या वर्षी कुणाचंच नाव जात नसे.

यंदा परीक्षकांत वैजयंती होती. कॉलेजात शिकलेली, जिभेने तिखट. लहानपणी मुख्य परीक्षक बापूसाहेबांनीच तिला मांडीवर बसवून नाटकं दाखवली होती आणि आता हट्टाने परीक्षकही त्यांनीच केलं होतं.

नायिकेचं नाव लगेच ठरलं. राणी झालेली मंजिरी पहिल्यांदाच रंगमंचावर उभी राहिली होती, पण तिच्या विलापाने सगळा मांडव रडला होता. मग दुय्यम भूमिकांची पाळी आली. तिथे नावं पुष्कळ आणि जागा थोड्या. कुणाला गाळायचं, यावर वाद सुरू झाला.

“त्या सासूला गाळा,” परीक्षकांतले गणूअण्णा म्हणाले. “ती ओरडली की मला घर आठवतं. नाटकात तरी सुट्टी मिळू द्या.”

सगळे हसले, पण सासू राहिली. काम चोखच होतं.

“माझ्या मावशीला गाळा,” वैजयंती म्हणाली. “रडता रडता पहिल्या रांगेत कोण बसलंय ते बघत होती.”

“आज जेवायला मिळेल ना घरी, पोरी?”

“मिळेल, अण्णा. अळणी मिळेल.”

बापूसाहेब मनातून सुखावले. पोरगी रक्ताच्या नात्यालाही बधत नव्हती.

शेवटी राणीच्या दाईचं नाव निघालं. दाईचं काम कौसल्याबाईंनी केलं होतं. त्यांचं वय झालं होतं. यंदा नाव गेलं नाही तर पुढच्या वर्षी दुसरी दाई बघू, असं नाटक मंडळीच्या मालकाने त्यांना बजावलं होतं. ओसरीवर सगळ्यांना ते ठाऊक होतं.

“कौसल्याचा विचारच नको,” बापूसाहेब म्हणाले. “विलापाचा अख्खा प्रवेश प्रेक्षकांकडे पाठ फिरवून उभी होती. नियम आहे.”

“का आहे?” वैजयंतीने विचारलं.

“माझ्या गुरूंनी घातलाय. मी त्यांना विचारलं नाही, तू मला विचारू नकोस.”

वैजयंती सगळ्यांत धाकटी, म्हणून मांडवात तिची खुर्ची अगदी कडेला, विंगेजवळ होती. इतरांना न दिसलेलं तिला तिथून दिसलं होतं. विलापाच्या आधीच मंजिरीची वाचा बसली. ओठ थरथरले, शब्द येईनात. तेव्हा कौसल्याबाई वळल्या. त्यांनी पोरीचा चेहरा ओंजळीत धरला आणि पहिला शब्द हळूच तिच्या हाती दिला. मग ताप आलेल्या लेकराकडे बघावं तसं तिच्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेच्या आधाराने पोर बोलत गेली.

हे सगळं वैजयंतीने सांगितलं.

“असेलही,” बापूसाहेब म्हणाले. “पण प्रेक्षकांना तिचा चेहरा कुठे दिसला?”

“बापूकाका, मंजिरी विलाप करताना कुणाकडे बघत होती?”

गणूअण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“दाईकडे,” ते म्हणाले. “सगळा वेळ.”

“मग जो विलाप ऐकून तुम्ही डोळे पुसलेत, तो दोघींचा होता. एकीला पाठवून दुसरीला गाळायला माझा होकार नाही.”

“अगं, मग मंजिरीचंही नाव अडेल. कुणाचंच जाणार नाही,” बापूसाहेबांचा आवाज मऊ झाला. “माझ्यासाठी हो म्हण.”

“तुमच्यासाठी काहीही करीन, काका. हे नाही करणार.”

बापूसाहेबांनी नावांचा कागद पुढे ओढला आणि मंजिरीच्या नावाखाली कौसल्याबाईंचं नाव लिहिलं. ओसरीवरच्या सगळ्यांनी होकार दिला.

तात्पर्य: कुणाला वगळण्याआधी तिच्या आधाराने कोण उभं राहिलं ते पाहावं, आणि ज्या नियमाला हे पाहता येत नाही, त्याला ‘का’ विचारण्यात वडीलधाऱ्यांचा अपमान नसतो.