चुन्यात बुडवलेला चेंडू

एकदा एका पेठेत एक बाई खरं तेच सांगत होती, आणि तिच्यावर विश्वास ठेवणारं एक माणूस त्या पेठेत नव्हतं. खोटं बोलली असती तर निदान चार जणांनी कान दिला असता. खऱ्याला आधी साक्षीदार लागतो, मान नंतर मिळतो.

त्या पेठेला फुटबॉलचं वेड होतं. पोरगं चालायला लागलं की आधी चेंडूला लाथ मारायचं, मग आईला हाक मारायचं. पेठेची तालीम होती, तालमीचा संघ होता, आणि संघात पुढे खेळून गोल मारणारा एक गडी होता. लोक त्याला वाघ म्हणत. आईनं नवस फेडून ठेवलेलं साधंसुधं नाव त्याला होतं. पण ते आता कुणी घेत नव्हतं, आणि घेतलंच तर त्याला ते खपत नव्हतं. चौकात वाघाच्या चित्राशेजारी त्याचा फोटो लावलेला होता. वाघ लहान, फोटो मोठा.

खरं सांगणारी बाई म्हणजे याच वाघाची आई.

त्या साली संघात एक नवा पोरगा आला. डोंगराकडच्या गावचा, अंगानं काटक, तोंडानं मुका म्हणावा असा. मधल्या फळीत खेळायचं आणि वाघाला पास द्यायचा, हे त्याचं काम. राहायला तालमीच्या खोलीत, जेवायला वाघाच्या घरी.

पहिला सामना संघ हरला. पुढचा कसाबसा बरोबरीत सुटला. त्याच्या पुढचा पुन्हा हरला. दर वेळी तेच व्हायचं. नव्या पोराच्या पायातून पास सुटायचा आणि मोकळ्या मैदानात जाऊन पडायचा. वाघ जागेवर उभा राहून दोन्ही हात वर करायचा. त्याचे हात वर गेले की अख्खी गॅलरी नव्या पोराच्या नावानं शिमगा करायची. हात वर करणाऱ्याची चूक नसते, अशी आपल्या लोकांची जुनी समजूत आहे.

सामन्याचा निकाल चौकातल्या फळ्यावर लिहिला जायचा, पण खरे निकाल लागायचे ते तिथल्या पानपट्टीवर. तिथला मोठा न्यायाधीश बंडा. त्यानं जन्मात चेंडूला पाय लावला असेल तर तो रस्त्यात आडवा आला म्हणून.

“दोन-तीन मॅचमध्ये पोरगं कळतं,” बंडा म्हणाला. “ह्याला दिशाच न्हाई. पास देतोय का गोफण मारतोय?”

“कबुतरं उडवतोय, कबुतरं!” दुसरा म्हणाला.

“गावाकडं म्हशीमागंच बरा होता.”

बाई भाजीची पिशवी घेऊन चालली होती. ती थांबली. “बंडा, पास बरोबर पडतोय. माझा पोरगाच जाग्यावरनं हलत न्हाई. ते पोर ह्याच्या पुढं टाकतंय, आणि ह्यो उभा राहून पायात यायची वाट बघतोय.”

“काकी, पोटच्या पोराला नावं ठेवता व्हय?”

“पोटचा हाय म्हणूनच त्याचं पाय वळखते. लहानपणीबी हाक मारली तर उठायचा न्हाई. ताट पुढं गेलं की जेवायचा.”

सगळे खदाखदा हसले. कुणी म्हणालं, घरात भांडण झालं असेल. कुणी म्हणालं, परक्या पोरानं काकीला भुलवली. संध्याकाळी वाघानं पुढचं ताट बाजूला सारलं.

“आई, चौकात तोंड घालत जाऊ नकोस. लोक हसतात मला.”

“तुला कुठं हसतात? मला हसतात. तुला हसले असते तर पळाला असतास!”

शेवटचा सामना उरला होता. तो जिंकला तरच पेठेची अब्रू राहणार होती. तालमीच्या पंचांनी ठरवलं, नव्या पोराची जर्सी काढून घ्यायची आणि त्याला गावी धाडायचं. बातमी पोराला कळली. तो बाईच्या दारात आला आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, “मावशी, उद्यापासनं माझी भाकरी टाकू नका. पिशवी भरलीया.”

बाईच्या डोक्यात आग पेटली. माझ्या लेकाच्या आळसापायी दुसऱ्या आईचं लेकरू मान खाली घालून घरी जाणार? मग ह्या हातानं थापलेल्या भाकरीला काय अर्थ राहिला? ती तशीच उठली आणि तालमीत गेली.

तालमीच्या पायरीवर म्हातारे वस्ताद बसलेले असत. त्यांनी एके काळी संघ घडवला होता. आता लोक येता-जाता त्यांच्या पाया पडत, आणि त्यांना काही विचारत नसत.

“वस्ताद, मी खरं बोलते का खोटं?”

“खरं.”

“मग तुम्ही तोंडात गुळणी धरून का बसलाय?”

वस्तादांनी हातातली काठी पायरीला टेकवून ठेवली. मग म्हणाले, “तू एवढी ओरडलीस, कुणाला पटलं? मी ओरडलो तर म्हणतील, म्हातारा चळला. बाई, खरं कानानं पटत नाही, त्याला खूण लागते. उद्या सकाळी सगळ्यांना मैदानावर आण. आणि घरात भिंतीला लावायचा चुना असेल तर घमेलंभर भिजवून ठेव.”

बाईला काही उमगलं नाही. पण घमेलं भिजलं.

सकाळी पंच आले, बंडा आला, निम्मी पेठ आली. गवतावर दव होतं. वस्तादांनी चेंडू घेतला आणि चुन्यात बुडवला.

“वस्ताद, आज आम्हालाच चुना लावायचा बेत हाय काय?” बंडा ओरडला. हशा पिकला. वस्ताद हसले नाहीत. नव्या पोराला म्हणाले, “सामन्यात देतोस तसाच पास दे.” वाघाला म्हणाले, “तू सामन्यात खेळतोस तसाच खेळ.”

पांढरा चेंडू गेला. मोकळ्या गवतावर पडला. वाघानं हात वर केले. लोक हळहळले. चेंडू परत आला, परत चुन्यात बुडाला, परत गेला. पुन्हा हात वर. असं कितीतरी वेळा झालं, तेव्हा वस्ताद वळले. “बंडा, आता तू दे.”

बंडानं पँट दुमडली. त्याचा पहिला चेंडू कोपऱ्यातल्या सायकलीवर बसला. पुढचा एका पंचाच्या इस्तरीच्या सदऱ्यावर उमटला. नंतरचे कुठे गेले ते देवाला ठाऊक, चुना मात्र त्याच्याच गालापर्यंत उडाला. लोक पोट धरून हसले, आणि बंडाही हसला, कारण न हसून सांगतो कुणाला?

मग वस्ताद कडेकडेनं मैदानात चालत गेले. लोक मागोमाग. नव्या पोराचा चेंडू जिथे पडत होता तिथे त्यांनी खांद्यावरचं घोंगडं काढून पसरलं. त्या पोराच्या चेंडूचे चुन्याचे सगळे ठिपके त्याच्याखाली झाकले गेले. एकही बाहेर राहिला नाही.

“बंडाचे झाकायला पेठेतल्या सगळ्या सतरंज्या आणाव्या लागतील,” बाई म्हणाली. या वेळी हसलं कुणी नाही. लोक घोंगड्याकडे बघत होते.

वस्तादांनी काठीनं वाघाच्या पायाखाली दाखवलं. तिथलं गवत मळून माती झाली होती, दावणीला बैल बांधावा तशी. आणि त्या मातीपासून घोंगड्यापर्यंत दव जसंच्या तसं. त्यावर एक पाऊल नव्हतं.

वस्ताद बोलले. आवाज चढवला नाही.

“चुकणारा पाय दर वेळी नव्या ठिकाणी चुकतो. बंडानं ते आत्ता दाखवलं. जे पुन्हा पुन्हा एकाच जागी पडतं, ती चूक नसते, ती हाक असते. हा पोरगा पहिल्या दिवसापासून हाक मारतोय. तुम्ही हाकेला दोष दिलात, आणि ज्यानं ओ दिली नाही त्याचा फोटो लावलात. नवख्याला जरूर तोला. पण त्यानं टाकलेलं कुठे पडलं एवढंच बघू नका, तिथे कोण पोचलं नाही तेही बघा.”

वाघाची मान ताठ होती. “आधीचे सगळे पायात द्यायचे,” तो पुटपुटला.

“द्यायचे. म्हणून तू कुठे आहेस ते तुझ्या आधी तुला अडवणाऱ्या समोरच्या बॅकला कळायचं. हा तुला त्या बॅकच्या पाठीमागे बोलावतोय. तिथे गोलकीपरशिवाय कुणी नाही.”

पंचांनी घसे खाकरले. नव्या पोराची जर्सी एका सामन्यापुरती राहिली.

त्याच दुपारी शेवटच्या सामन्याला मुंगी शिरायला वाट नव्हती. पहिला अर्धा वेळ तसाच गेला. वाघ चार पावलं पळायचा आणि थांबायचा. जुनी खोड सकाळच्या एका चुन्यानं जात नाही. उत्तरार्धात नव्या पोराच्या पायातून पास सुटला, उंच, बॅकच्या डोक्यावरून, मोकळ्या जागेकडे. वाघाचे हात सवयीनं वर निघाले. तेवढ्यात बायकांच्या गॅलरीतून आवाज आला. तो आवाज सगळ्या मैदानानं ऐकला.

“हात खाली घाल, मुडद्या! पाय उचल!”

हात खाली आले. पाय उचलले. वाघ पळाला, जसा तो वयात आल्यापासून पळाला नव्हता. चेंडू त्याच्यासाठीच येऊन थांबल्यासारखा पुढ्यात पडला. जाळं हाललं.

त्यानंतर बाईला ओरडावं लागलं नाही. पास सुटायच्या आधीच वाघ निघायला लागला. समोरच्या संघाचे बॅक मान वळवून वळवून दमले. शिट्टी झाली तेव्हा पेठ जिंकली होती, आणि चांगली घसघशीत जिंकली होती.

हलग्या कडाडल्या. गुलालानं माणूस ओळखू येईना. नवा पोरगा खांद्यांवर चढला. त्याची भरलेली पिशवी पोरांनी खोलीत जाऊन रिकामी केली आणि कपडे पुन्हा खुंटीला लावले.

“मी म्हटलंच हुतं, पोरगं हिरा हाय!” बंडा ओरडत होता.

“बंडा, गालाला अजून चुना हाय. पूस आधी,” बाई म्हणाली.

चौकात मिरवणूक थांबली आणि बंडाच्या हातात माईक गेला. माणसाला जिंकल्यावरही कुणाचा तरी बळी लागतो. “आता मला सांगा,” तो म्हणाला, “मग आधीचे सामने घालवले कुणी?” कुणी मैदानाला दोष दिला, कुणी बुटांना, कुणी रेफरीच्या शिट्टीला. वाघाकडे कुणी बघितलं नाही. आज त्याच्याकडे बोट कोण दाखवणार?

वाघानंच पुढे होऊन माईक घेतला. हलगी थांबली.

“हरायला कारण मी. ते चौकातल्या फळ्यावर लिहा. वाघ लिहू नका, वाघ तुम्ही केला. आईनं ठेवलेलं नाव लिहा.”

गर्दीच्या पार मागे त्याची आई उभी होती. तिच्या कपाळावर गुलाल होता आणि डोळे कोरडे नव्हते. तरी तिनं खणखणीत आवाजात सांगितलं, “मोठ्यानं बोल! मागं ऐकू येत न्हाई!”

त्यानं आईकडे बघितलं, छाती भरून घेतली आणि साऱ्या पेठेला ऐकू जाईल असं नाव घेतलं.

“धोंडिराम!”