अंबादास वकिलाचं जैसे थे

आमच्या तालुक्याच्या गावी, कोर्टाच्या मागच्या आळीत, एक भोळा वकील राहत होता. भोळा आणि वकील या दोन गोष्टी एका माणसात कशा मावल्या, हे कुणालाच कळलं नव्हतं. पण मावल्या होत्या. त्याचं नाव अंबादास खरात.

त्या वर्षी राज्याच्या वकील संघानं ठरवलं, की प्रत्येक तालुक्यात वकिलांचा एक स्वयंसेवक गट हवा. गटानं फुकट सल्ला द्यायचा, झाडं लावायची, रक्तदान शिबिर भरवायचं, शाळेत जाऊन कायदा सांगायचा, म्हाताऱ्या माणसांच्या पाठीशी उभं राहायचं. आणि महिन्याच्या महिन्याला संघाला अहवाल पाठवायचा. आमच्याकडे हे काम सुलभाताई गांगर्ड्यांनी अंगावर घेतलं. ताईंची वकिली तीस वर्षांची. न्यायाधीशसुद्धा त्यांच्याशी जपून बोलत. गटात कोण कोण येणार, असं त्यांनी बाररूममध्ये विचारलं, तेव्हा सगळ्यांना एकदम कामं आठवली. मलाही एक तारीख आठवली. अंबादासला आठवायला काही नव्हतं. त्यानं हात वर केला.

त्याच्यात एक मोठा गुण होता. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. खिशातल्या डायरीत लिहून घ्यायचा आणि खाली दोन रेघा मारायचा.

पहिलं सल्ला शिबिर वेशीजवळच्या मैदानात झालं. एक गृहस्थ आले आणि म्हणाले, शेजाऱ्यानं माझा बांध कोरला. अंबादासनं सगळं ऐकलं आणि मोठ्यानं सल्ला दिला, "तुमचा शेजारी चोर आहे." शेजारी रांगेत तिसराच होता. दोन मिनिटांत मांडव खाली आला.

त्या रांगेत सगळ्यांत शेवटी ठकूबाई उभी होती. वय सत्तरीच्या पुढं. नवरा गेल्यावर तिनं पुतण्याला, नवनाथला, आधाराला म्हणून घरात घेतलं होतं. नवनाथ हळूहळू घरभर पसरला आणि ठकूबाई मागच्या गोठ्यात गेली. तिथं तिला पाच वर्षं झाली. कुणी विचारलं तर नवनाथ सांगायचा, "काकीनं घर मला तोंडी दिलंय." एवढं सांगायला ती आली होती. पण मांडवाखालून बाहेर येईपर्यंत तिचा नंबर गेला. ती काठी टेकत गोठ्यात परत गेली.

ताईंनी अंबादासला बाजूला घेतलं. दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय कुणाविरुद्ध काही करायचं नसतं, कायद्याचा पहिला धडा आहे हा, असं त्यांनी सांगितलं. अंबादासनं लिहून घेतलं. खाली दोन रेघा मारल्या.

पुढच्या रविवारी झाडं होती. कचेरीमागच्या माळावर पन्नास रोपं लावली आणि राखणीला अंबादासला बसवून सगळे चहाला गेले. एक शेळी आली आणि तिनं पहिल्या रोपाला तोंड लावलं. अंबादास उठला. मग त्याला धडा आठवला. त्यानं शेळीला विचारलं, तुझं यावर काही म्हणणं आहे का. शेळीचं तोंड भरलेलं होतं. म्हणून त्यानं तिच्या मालकिणीला निरोप धाडला. मालकीण तासाभरानं आली आणि म्हणाली, सकाळपासून उपाशी हाय वो ती. अंबादासला या म्हणण्यात तथ्य वाटलं. तोवर एक्केचाळीस रोपं संपली होती.

अहवालात ताईंनी लिहिलं, 'पन्नास रोपे लावली.' ते खोटं नव्हतं.

अंबादासला त्या म्हणाल्या, अहो, फुकटचं खाताना कुणी दिसलं की आधी हाकलायचं, फाटकाला कडी लावायची, चौकशी मागाहून. अंबादासनं लिहून घेतलं. दोन रेघा मारल्या.

मग रक्तदान आलं. बाररूममध्ये खाटा टाकल्या, अंगणात खुर्च्या मांडल्या. रक्त दिलेली बारा माणसं खुर्च्यांवर बसून केळी आणि बिस्किटं खात होती. अंबादास दारात आला. त्यानं पाहिलं, बाराच्या बारा जण फुकटचं खातायत. त्यानं झेंड्याची काठी उचलली आणि हाड हाड करत सगळ्यांना फाटकाबाहेर काढलं, आणि कडी लावली. दोघं उन्हात मटकन खाली बसले. तिसरा आपल्या मोटारसायकलवर पडला, ती चौथ्यावर पडली.

या वेळी ताईंचा आवाज चढला. रक्त दिलेला माणूस म्हणजे काय शेळी आहे का? घाम फुटलेला, चेहरा उतरलेला माणूस दिसला की त्याला आडवं करायचं, पाय वर धरायचे, केळं भरवायचं, आणि बरा आहे म्हणाला तरी उठू द्यायचं नाही. अंबादासनं लिहून घेतलं. या वेळी तीन रेघा मारल्या, आणि तेव्हापासून पिशवीत एक केळं ठेवू लागला.

शाळेत कायद्याचा कार्यक्रम होता. चारशे पोरं मैदानात, व्यासपीठावर मुख्याध्यापक. गळ्याला टाय, अंगात कोट, डोक्यावर दुपारचं ऊन. प्रास्ताविक सुरू केलं आणि त्यांच्या कपाळावरून घामाची धार लागली. अंबादास शेजारीच बसला होता. त्यानं मुख्याध्यापकांना कमरेला धरून आडवं केलं, त्यांचे दोन्ही पाय खुर्चीवर चढवले आणि केळं सोलून तोंडात दिलं. मला काही झालेलं नाही, असं ते केळ्यातून सांगत होते. ते असं सांगणार हे डायरीत होतंच. अंबादास त्यांच्या छातीवर हात दाबून बसून राहिला. कायद्याच्या एवढ्या टाळ्या त्या शाळेत पुन्हा कधी पडल्या नाहीत.

ताईंनी आधी मुख्याध्यापकांची माफी मागितली. मग दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "अंबादासराव, तो माणूस स्वतःच्या तोंडानं सांगत होता ना? तोंडी खरं वाटत नसेल तर लेखी घ्यावं. तारीख घालून सही घ्यावी. आपण वकील आहोत."

अंबादासनं लिहून घेतलं. त्याला हा धडा सगळ्यांत आवडला.

मध्यंतरी ठकूबाई तीनदा ताईंकडे येऊन गेली. तिसऱ्यांदा ती रडली. नवनाथनं गोठा पाडायला यंत्र ठरवलं होतं, उद्या दुपारी एकला येणार. गोठा गेला की तिला पाठ टेकायला जागा नव्हती. ताईंनी हातातली कामं टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रांतसाहेबांपुढे अर्ज ठेवला. साहेबांनी लगेच लिहून दिलं, 'दुपारी चारच्या सुनावणीपर्यंत सदर घराबाबत जैसे थे स्थिती ठेवावी.' दोन्ही बाजूंनी चारला हजर राहायचं होतं. ताईंना कोर्टात दुसरं काम होतं. बाररूममध्ये रिकामा एकच माणूस दिसला. त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि कागद अंबादासच्या हातात दिला. दाराला चिकटवा, म्हणाल्या, आणि चार वाजेपर्यंत तिथं सगळं जैसे थे राहील एवढंच बघा.

अंबादासनं बरोबर बारा वाजून दहा मिनिटांनी कागद चिकटवला आणि काय काय कसं आहे ते बघून डायरीत लिहून घेतलं.

नवनाथ अंगणातल्या न्हाणीत होता. यंत्र यायच्या आधी आंघोळ उरकावी म्हणून डोक्याला साबण लावून बसला होता. पहिली बादली संपली होती. त्याची बायको दुसरी बादली घेऊन अंगणाच्या मध्यावर आली होती. ठकूबाई आपली देवाची तसबीर तरी मागून न्यावी म्हणून घराच्या दारात आली होती. तिचा एक पाय उंबऱ्याच्या आत होता, एक बाहेर.

अंबादासनं न्हाणीला बाहेरून कडी लावली. बाईला म्हणाला, "वहिनी, बादली आहे तिथंच ठेवा. जैसे थे." ठकूबाईला म्हणाला, "आजी, पाय हलवू नका."

ठकूबाईनं विचारलं, "किती येळ?"

"चारपर्यंत."

"ऱ्हाते की. पाच वर्सं शेणात ऱ्हायले." तिनं दाराची चौकट धरली. त्या चौकटीला तिचा हात पाच वर्षांत लागला नव्हता. तिला बरं वाटलं.

आतून नवनाथ ओरडला, पाणी आण. बायको रडकुंडीला आली. अंबादास तिला शांतपणे म्हणाला, हुकूम झाला तेव्हा पाणी इथं होतं आणि तुमचे मालक तिथं होते. मी त्यात काही करू शकत नाही.

एक वाजता यंत्र आलं. अंबादासनं ड्रायव्हरला अडवलं आणि घड्याळ दाखवलं. बारा दहाला तू इथं होतास का? ड्रायव्हर म्हणाला, नव्हतो. मग आत्ताही तू इथं नाहीस, असं अंबादासनं समजावून सांगितलं. ड्रायव्हरला ते पटलं की तो घाबरला, सांगता येत नाही. तो यंत्र घेऊन निघून गेला.

दीड वाजता न्हाणीचा पत्रा तापला. साबण नवनाथच्या डोळ्यांत उतरला. त्यानं आधी शिव्या दिल्या, मग सरपंचाची ओळख सांगितली, मग अंबादासला दादा म्हणाला. आळीतली माणसं कुंपणापाशी गोळा झाली. पोरं झाडावर चढली. अडीचच्या सुमाराला तो आतून दार बडवत ओरडला, "उघड रं बाबा! घर काकीचंच हाय. म्या खोटं बोललो. मला पानी दे."

अंबादास पुढं झाला. "हे तुम्ही तोंडी सांगताय."

"मग काय छापून देऊ?"

"लेखी द्या. तारीख घालून सही करा."

पत्र्याच्या वरच्या फटीतून त्यानं कागद आणि पेन आत सोडलं. नवनाथनं डोळे चोळत लिहिलं. घर काकीचं आहे, तिनं मला तोंडी काही दिलेलं नाही, मी तिला गोठ्यात घातलं ती माझी चूक झाली. खाली सही. कागदावर फेस होता, पण अक्षर लागत होतं. अंबादासला पहिला धडा आठवला. दुसऱ्या बाजूचं काय म्हणणं आहे, असं त्यानं ठकूबाईला विचारलं.

ठकूबाईच्या डोळ्यांना पदर लागला होता. "खरं हाय त्याचं," एवढंच ती म्हणाली.

"आता तरी उघड," नवनाथ म्हणाला.

"चारला."

साडेतीनला दोन्ही बाजूंना न्यायला ताई आल्या. त्यांनी अंगणाच्या मध्यावरची बादली पाहिली, एका पायानं आत असलेली ठकूबाई पाहिली, न्हाणीतला आवाज ऐकला. त्या अंबादासवर ओरडणार होत्या. मग त्यांनी कागद वाचला. मग पुन्हा वाचला, आणि पायरीवर बसून चार वाजायची वाट पाहू लागल्या.

चारला कडी निघाली. नवनाथ बाहेर आला तेव्हा साबण वाळून त्याचे केस साळूच्या काट्यांसारखे उभे राहिले होते. सारी आळी हसली. चेहरा उतरलेला पाहून अंबादासनं पिशवीत केळ्यासाठी हात घातला, पण ताईंनी तो धरला.

तशाच अवतारात त्याला प्रांतसाहेबांपुढे नेलं; ठकूबाईच्या वतीनं ताई उभ्या राहिल्या. साहेबांनी विचारलं, हे तुम्ही राजीखुशीनं लिहिलंय का? नवनाथनं मागं वळून पाहिलं. दालनाच्या दारात अंबादास उभा होता. त्याचा हात कडीवर होता.

"राजीखुशीनं, साहेब," नवनाथ म्हणाला.

इकडं चारचा ठोका पडल्यावर ठकूबाईनं दुसरा पाय उंबऱ्याच्या आत घेतला. घरात फिरली. भिंतीवरची तसबीर तशीच होती, धुळीनं भरलेली. तिनं ती पदरानं पुसली आणि पोटभर रडली. मग चूल कुठं होती ते शोधायला लागली.

साहेबांनी निकाल लिहिला. घर ठकूबाईचं. जैसे थे आदेश उठवला. आणि शेवटी, कायद्याच्या भाषेत जसं लिहितात तसं, 'सबब, स्थिती पूर्ववत करण्यात यावी.' म्हणजे बाई आपल्या घरात, पहिल्यासारखी. ताईंना लगेच महिन्याचा अहवाल लिहायचा होता. तोवर निकाल बजावून या, असं त्यांनी अंबादासला सांगितलं. आता काय बिघडणार, असं त्यांना वाटलं. तीस वर्षांच्या वकिलीनंतरही माणूस असा चुकतो.

अंबादासनं वाटेत निकाल दोनदा वाचला. पूर्ववत. त्यानं डायरी काढून बारा दहाची परिस्थिती पाहून घेतली.

आधी तो ठकूबाईकडे गेला. म्हणाला, "आजी, एक पाय बाहेर घ्या."

ठकूबाईनं हातातला झाडू खाली ठेवला नाही. "आता ह्या घरातनं माझा पाय निघंल," ती म्हणाली, "तो चौघांच्या खांद्यावर."

अंबादासनं डायरीत लिहिलं, अर्जदाराची हरकत आहे. मग तो अंगणात परतलेल्या सामनेवाल्याकडे, म्हणजे नवनाथकडे, वळला.

ताईंनी अहवाल पुरा केला. 'ज्येष्ठ नागरिक साहाय्य : एक प्रकरण निकाली.' शेवटी बजावणीची पोच म्हणून सामनेवाल्याची सही हवी होती. सांजेला अंबादास बाररूममध्ये आला. बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, हाताला साबण.

"नवनाथ कुठाय?" ताईंनी विचारलं.

"जिथं होता तिथं, ताई," अंबादास म्हणाला. "बादली मात्र वहिनी उचलायला तयार नाहीत. त्यांच्याकडून तेवढं लेखी घ्यायचं राहिलंय."