पाठीवरचा नंबर

देवळीच्या जत्रेतल्या कुस्त्यांचं ड्रोनवरून शूटिंग करायचं काम सायरा मुलाणीला मिळालं, तेव्हापासून जत्रा कमिटीचे अध्यक्ष विश्वासनाना धुसफुसत होते. त्यांच्या पुतण्यानंही नुकतंच ड्रोन घेतलं होतं.

कुस्त्या संपल्या आणि नाना फौजदारांना घेऊन सायरापुढे उभे राहिले.

"सरकारी नियम चारशे फुटांचा आहे. हिनं त्याच्या वर उडवलं. ड्रोन जप्त करा."

सायरानं नोंदणी दाखवली, ड्रोनच्या पाठीवर रंगवलेला नंबरही दाखवला.

"नंबर घेतला म्हणून आभाळ नावावर होत नाही," नाना म्हणाले आणि त्यांनी मोबाईल पुढे केला. फोटोत खाली आखाडा होता, मुंगीएवढे पैलवान होते आणि मधोमध सायराचं ड्रोन, नंबरासकट.

फौजदारांनी जप्तीसाठी हात पुढे केला. लग्नसराई तोंडावर आलेली. ड्रोन गेलं असतं तर सायराचा धंदाच बसला असता. तिनं फोटो नीट पाहिला.

"ड्रोन माझंच आहे, नाना. पण फोटोत त्याची पाठ दिसतेय. म्हणजे फोटो काढणारं ड्रोन माझ्याही वर होतं. ते नियमात असेल, तर मी त्याच्या खालीच आहे. मी नियमाबाहेर असेन, तर ते माझ्याआधी बाहेर गेलंय. तुम्ही म्हणाल ते मला मान्य."

गर्दीतला पुतण्या हळूच मागे सरकला.

"नाना," फौजदार म्हणाले, "हिचा नंबर दिसला. आता त्या वरच्या ड्रोनचा सांगा."

नानांनी मोबाईल खिशात टाकला. "बॅटरी संपली," म्हणाले.