सात पिढ्यांचा कागद

सरंजामेसाहेबांच्या कुत्र्यांच्या फार्मवर येणाऱ्याला आधी भिंतीवरची पदकं बघावी लागत. ठकूबाई धनगरीण मात्र थेट म्हणाली, “मेंढरांच्या राखणीला पिल्लू पाहिजे. त्याची आई दाखवा.”

“आई कशाला?” साहेब गुरकावले. “हा कागद बघ. सात पिढ्यांचं अस्सल रक्त. तुम्हा अडाण्यांना काय कळणार?”

ठकूबाईचं डोकं फिरलं. गेल्या साली यांच्याच कागदवाल्या कुत्र्यानं लांडगा बघताच तिच्या घोंगडीत तोंड खुपसलं होतं. चार मेंढ्या गेल्या होत्या.

तिनं कागदाची घडी करून साहेबांच्या खिशात कोंबली. “खाण तशी माती, म्हणून आई मागितली. कागद तुमच्याकडंच ठेवा, साहेब. आमच्याकडचा लांडगाही अडाणीच आहे. त्याला वाचता येत नाही.”