लाल दोऱ्याची फांदी

फर्कर डंकन मॅकरे, वय वर्षे एकसष्ट, हा स्कॉटलंडमधील एका डोंगराळ गावाचा सुतार होता. त्या गावाचा पलीकडच्या खोऱ्यातील गावाशी दर नववर्षदिनी शिंटीचा सामना होत असे. हॉकीचे नाव जगाला ठाऊक होण्यापूर्वीपासून तेथील लोक हा चेंडूकाठीचा खेळ खेळत आले होते.

आपल्या विटीदांडूचा दांडू सरळ असतो. शिंटीची काठी मात्र टोकाशी वाकलेली लागते. तो बाक तासून आणता येत नाही. तासल्याने लाकडाचे तंतू तुटतात आणि पहिल्याच टोल्याला काठी दुभंगते. बाक झाडावरच वाढावा लागतो. म्हणून गावकरी रानात हिंडून वाकलेली कोवळी फांदी हेरत आणि तिला लोकरीचा लाल दोरा बांधून ठेवत. ज्याचा दोरा, त्याची फांदी. मुठीत मावेल इतकी ती जाड झाली, की तो ती कापी. दुसऱ्याच्या दोऱ्याला कोणी हात लावीत नसे.

फर्करचा धाकटा भाऊ रॉरी कॅनडाला निघाला, तेव्हा त्याने ओढ्याकाठच्या झाडाची करंगळीएवढी फांदी हेरून तिला दोरा बांधला. तो म्हणाला, "दादा, परत आलो की हिचीच काठी घेऊन खेळेन. तोवर तू राख."

दर रविवारी फर्कर त्या झाडापाशी जाई. दोरा विटला, की नवा बांधी. बाकावरून अंगठा फिरवताना भावाच्या खांद्यावर हात ठेवल्यासारखे त्याला वाटे.

चौथ्या वर्षी फांदी नेमकी मुठीत मावेल इतकी जाड झाली. त्याच वर्षी, सामन्याला महिना उरला असताना, लॅखलन मेंढपाळाची काठी सरावात मोडली.

"फर्करदादा, रान पालथे घातले. एक बाक मिळेल तर शपथ! ती ओढ्याकाठची द्या."

"ती रॉरीची आहे."

"रॉरी आला, की मी स्वतः त्याच्या हाती देईन."

"तुकडे देशील! आधीच्या दोन काठ्यांचे काय केलेस?"

"काठी मोडते ती खेळणाऱ्याचीच, दादा," एवढेच बोलून लॅखलन निघून गेला.

फर्करची पत्नी मोराग दारातून ऐकत होती. ती म्हणाली, "तू थांबलास, म्हणून झाड थांबणार आहे का?"

लॅखलन कुंपणाचा सरळ खुंट घेऊन खेळला. चेंडू त्याच्या खुंटाखालून निसटत राहिला आणि गाव एका गोलने हरले. "सुताराच्या गावी काठीचा दुष्काळ!" पलीकडचे लोक ओरडले. फर्करने मान खाली घातली. परंतु दोरा शाबूत आहे, ह्याचेच त्याला समाधान होते.

आणखी तीन वर्षांनी रॉरीचे पत्र आले.

"दादा, येथे माझे घर झाले, लेकरे झाली. आता येणे घडेलसे वाटत नाही. ती फांदी कोणाला दिलीस? लॅखलनला दिली असशील, तर उत्तम. त्याचा टोला माझ्यासारखाच आहे. तिने पहिला गोल केव्हा झाला, कोणी अडवू पाहिले, सारे सविस्तर लिही. येथला हिवाळा फार लांबतो. तेच पुन्हा पुन्हा वाचीन."

फर्कर कुऱ्हाड घेऊन ओढ्याकडे धावला. फांदी दंडाएवढी झाली होती. त्याने मूठ आवळून पाहिली. बोटांना बोटे मिळेनात. तासून बारीक करावी, तर तंतू तुटणार. लाल दोरा सालीत रुतून दिसेनासा झाला होता.

तो रिकाम्या हाताने घरी परतला. मोरागने विचारले, "काय लिहिणार आहेस त्याला?"

"लिहिण्यासारखे मी काही घडूच दिले नाही," फर्कर म्हणाला.

त्या वर्षीपासून गावाचा नियम बदलला. फांदी मुठीत मावेल इतकी जाड झाली आणि दोरा बांधणारा गावात नसला, तर गरजू खेळाडूने ती कापावी, असे ठरले. अशी पहिली काठी लॅखलनला मिळाली. दर जानेवारीत फर्करचे एक लांबलचक पत्र कॅनडाला जाऊ लागले.

तात्पर्य: दूर गेलेल्या माणसाची वस्तू नुसती जपल्याने तो परत येत नाही, ती योग्य वेळी दुसऱ्याच्या हाती दिली, तर निदान तिची वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचते.